कडेला बघ

जुना टूथब्रश काळ्या रंगात बुडवायचा आणि त्याचे केस अंगठ्याने मागे ओढून सोडायचे. पांढऱ्या रंगवलेल्या पट्टीवर बारीक ठिपके उडायचे, सरांच्या चष्म्यावरही. तो चष्मा त्यांनी कधी पुसलेला मी पाहिला नाही.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या लॅबमध्ये सर गोंदाचे सांधे किती ताण सोसतात ते बघायला तोडायचे. पट्टी म्हणजे एकमेकांना चिकटवलेले दोन पत्रे; ते मशीन ओढणार, ठिपके किती सरकले ते कॅमेरा टिपणार, आणि ताण कुठे वाढतोय ते स्क्रीनवर रंगांत दिसणार. शेवटी धाडकन तुटणार. पहिल्या दिवशी मी खुर्चीतून उडालेले. सर म्हणाले, "अगं, मधे काय बघतेस? कडेला बघ. गोंद कडेलाच आधी सुटतो."

रागीट तर असे, की विचारू नका. ठिपके फिसकटले की हातातला पाना भिंतीवर भिरकावायचे. मग स्वतःच मला चहा आणून द्यायचे. माफी मात्र नाही.

एकदा शाळेच्या बस बांधणारा एक शेठ आला. त्याच्या बसच्या छताचे आतले पत्रे गोंदाने चिकटवलेले, आणि तो सांधा दोनदा नापास झालेला. तिसरी पट्टी सरांनी पांढरी रंगवून ठेवली होती, ठिपके मारायचे बाकी होते. ही पास करा, शेठ म्हणाला. खाली पोरं बसतात, सर म्हणाले. त्यावर शेठच्या माणसाने सरांची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

सर उठले, फुरफुरले, आणि नाकातलं रक्त पट्टीभर उडालं. फुटक्या चष्म्यातून त्यांनी ती नीट पाहिली.

"ठिपके बरे पडलेत. कॅमेरा लाव."

मी लावला. शेठ आणि त्याचा माणूस थिजून बघत राहिले. असल्या माणसाला आणखी किती मारणार? सांधा तिसऱ्यांदा कडेलाच सुटला.

लॅबच्या मालकाने सरांनाच काढलं. फोन लागत नाही, घर बदललंय म्हणतात. फार आठवण येते हो. शेठने दुसरीकडून पास करून घेतलंच असणार, मेल्याने.

माझी भाची शहाडहून शाळेच्या बसने जाते. रोज सकाळी मी आधी चढते आणि छताच्या पत्र्यांच्या कडेवरून नख फिरवते. ड्रायव्हर वैतागतो.

काल नख आत गेलं. मी बसची चावी उपसली आणि सगळी पोरं खाली उतरवली. ड्रायव्हरने माझ्यावर हात उगारला.

"अरे, माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "कडेला बघ."