गाठीची पँट

अब्बांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं त्यांना महिनाभर मशीनवर वाकायला मनाई केली. जवळा बाजार गावातलं आमचं जेन्ट्स टेलरचं दुकान मी उघडलं. तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पँट कापण्यात माझा हात अब्बांइतकाच साफ होता. पण माप घ्यायला टेप उचलला, की गिऱ्हाईक दोन पावलं मागं.

पहिल्याच बाजारच्या दिवशी एक रिटायर गुरुजी आले. ठेंगणे, पोटानं भरलेले. पुतण्याच्या लग्नासाठी पँट शिवायची होती.

"मास्तर कुठंयत?"

"घरी. माप मी घेते, काका."

"पोरीच्या हातानं माप? न्हाई, न्हाई!" कापड ठेवून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरच्या काकू आल्या, हातात सुतळी. सुतळीला दोन गाठी.

"मी घरीच मोजलं. ही गाठ लांबीची, ती कंबरेची."

मी मोजलं. लांबी चव्वेचाळीस, कंबर छत्तीस. "काकू, उलटं तर न्हाई ना झालं?"

"काहून उलटं होईल? गाठी मीच बांधल्यात."

मी कापड कापलं.

गुरुजी ट्रायलला पडद्याआड गेले. बराच वेळ आतून नुसती झटापट ऐकू आली. मग ते बाहेर आले. पँट मांड्यांवरच अडकलेली, पायांखाली वीतभर कापड लोळतंय, लाज राखायला शर्ट दोन्ही हातांनी खाली ओढलेला. बाकड्यावरच्या माणसांनी माना फिरवल्या, पण खांदे सगळ्यांचे हलत होते.

काकूंनी जीभ चावली. "अगं माय, ती दुसरी गाठ होती!"

शेवटी गुरुजी धोतर नेसून मापाला उभे राहिले. डोळे गच्च मिटलेले, पोट पाठीला लागलेलं. काकू ओरडल्या, "श्वास सोडा! चाळीस वर्षांत माझ्यापुढं कधी पोट आत घेतलं न्हाई!"

ते हसले आणि पोट बाहेर आलं. चव्वेचाळीस भरलं.

खाली जास्त झालेलं कापड कापून मी त्याच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना कंबरेपासून खाली जोडल्या. घरी अब्बा चिडले, "सुतळीच्या मापावर कुणी कैची चालवतं का, बेटा?" ते बराबर होतं. पण लग्नातून गुरुजी आले तेच ऐटीत. तिथं तिघांनी विचारलं म्हणे, ही पट्टीवाली फॅशन कुठली!

मग गिऱ्हाईक मापाला उभं राहू लागलं, पण प्रत्येकजण पोट आत घेऊनच. आता मी टेप कंबरेला लावते आणि सहज विचारते, "काका, सोयाबीनला काय भाव चालू आहे?"

मोठा सुस्कारा निघतो. तेवढ्यात मी आकडा लिहून घेते.