मेणावरचा अंगठा

संपत गेल्याचं मला वाशीमच्या बाजारात कळलं. इंझोरीहून गाडी घेऊन आलेला एक गाववाला म्हणाला, "बापू, संपत गेला ना परवा. तुमाले कोनी सांगतलं नाही काय?" कोण सांगणार? पंचवीस वर्षं मी त्याच्या दारात पाय ठेवला नव्हता, हे साऱ्या गावाला ठाऊक. हातातली पिशवी रिकामीच घेऊन मी घरी आलो. याला आता दीड महिना होत आला...

संपत आणि मी एका गल्लीत वाढलो. मी शिकून वाशीमला कोर्टात कारकून झालो, तो शेतीत राहिला. गावातली नवरदेवाची कट्यार त्याच्या घरी असे. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार येते, टोकाला लिंबू खोचलेलं. घरोघरी कुठली आली कट्यार? गावात ती एकच, आणि ज्याचं लग्न त्यानं ती संपतकडून न्यायची. परत आली की तो पातं पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवी. एकदा कुणीतरी लिंबू न काढताच ती आणून दिली. चार दिवसांनी पाहतो तर लिंबानं लोखंड खाल्लेलं, टोकाशी काळा गोल उमटलेला. दुसरा कुणी वैतागला असता, हा मात्र खूश! लिंबू गोल काढतं तर पान काहून नाही काढणार, असं त्याच्या डोक्यात शिरलं. मंगरूळपीरच्या एका म्हाताऱ्या शिकलगाराकडे, म्हणजे सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे जाऊन त्यानं सगळं विचारून घेतलं. पात्यावर मेण चढवायचं, सुईनं मेणात नक्षी कोरायची, वर लिंबाचा रस, मीठ आणि मोरचुदाचा लेप द्यायचा. मेण निघालं असेल तिथंच लेप लोखंड खातो. आधी जुन्या सुरीवर हात बसव, असं त्या शिकलगारचाचांनी बजावलं होतं. पण माझं लग्न आठ दिवसांवर आलेलं, आणि माझ्या हातातल्या कट्यारीवर वेल हवीच, असं यानं मनाशी घेतलेलं.

चूक झाली ती त्याच्या मायेपायीच. वर्षानुवर्षं त्यानं पात्याला तेल चोळलं होतं, आणि तेलकट पात्यावर मेण धरलंच नाही. लेप खाली शिरला. वेल राहिली बाजूला, सगळ्या पात्यावर देवीच्या व्रणांसारखे डाग पडले. तीच घेऊन मी बोहल्यावर उभा राहिलो. मुलीकडच्या बायका कुजबुजल्या. मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

दोन वर्षांनी माझी बायको तापानं गेली. मुलगा सहा महिन्यांचा. तेराव्याला संपत येऊन माझ्याजवळ बसला आणि सगळ्या पंगतीसमोर माझ्या तोंडून निघालं, "तुया हातानं झालं हे. डागाची कट्यार देल्ली तू मले." कट्यारीनं ताप येत नाही, हे मला त्या क्षणीही कळत होतं. तरी बोललो. तो उठला, पायताण घातलं आणि निघून गेला. माझा शब्द गावभर झाला, आणि त्या दिवसापासून त्याच्याकडे कट्यार मागायला कुणी गेलं नाही. लोक दुसऱ्या गावाहून आणू लागले. मी शब्द परत घेतला नाही. आधी रागानं, मग लाजेनं, पुढे नुसत्या सवयीनं... माझ्यासारखा हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बातमी कळल्यावर तिसऱ्या दिवशी इंझोरीला संपतच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं, वाकडा शब्द काढला नाही. त्यांच्या घरात विळी घ्या, सुरी घ्या, प्रत्येक पात्यावर वेल. जुन्या वेली खुरडत गेलेल्या, नंतरच्या नेटक्या. दुपारी ओसरीत बसून तो हे करीत राही, म्हणाल्या. कट्यारीला मात्र इतकी वर्षं हात लावला नव्हता. माझ्या मुलाचं लग्न ठरल्याचं कानावर आलं, तेव्हा काढली. वहिनींनी फडकं सोडलं. एकेका डागाभोवती रेघ फिरवून त्यानं त्याचं पान केलं होतं, आणि टोकापासून मुठीपर्यंत वेल चढवली होती. मुठीजवळचा एकच डाग राहिला होता. त्यावर मेण होतं, मेणात पान कोरलेलं होतं, लेप द्यायचा राहिला होता. शेजारी मेणात त्याचा अंगठा उमटलेला. लहानपणी माझ्याच विळ्यानं कापल्याची तिरपी खूण त्यात स्वच्छ दिसत होती.

"ते म्हनत, बापूच्या पोराच्या लग्नाले पाठवतो," वहिनी म्हणाल्या. "घेतली तं घेतली, नाही तं नाही."

महिनाभर ती माझ्या कपाटात होती. रोज उघडून अंगठा पाहायचा आणि परत ठेवायची, एवढंच मला जमत होतं. मेण काढल्याशिवाय ती नवरदेवाच्या हातात देता येत नाही, आणि काढलं की अंगठा जाणार... काल लिंबू, मीठ, मोरचूद घेऊन बसलो. लेप दिला, वाट पाहिली, धुतलं. मग पातं निखाऱ्यावर धरलं. अंगठा आधी चकाकला, मग पसरला, मग राहिला नाही. मी रडलो. पान एका बाजूला वाकडं आलं आहे, माझा लेप ओघळला.

परवा हळद आहे. इंझोरीची माणसं येतील. ही कट्यार संपतची आहे आणि मी त्याला जे बोललो ते खोटं होतं, हे सगळ्या मांडवासमोर सांगणार आहे. लग्न लागलं की पहिल्यांदा लिंबू काढीन, पातं पुसून तेल लावीन आणि फडक्यात गुंडाळून वहिनींकडे पोचती करीन. पुढच्या नवरदेवानं ती तिथूनच न्यायची.