आपांनी भाकरी बंद केली नव्हती

आधी एक चूक दुरुस्त करते. दवाखान्याच्या मागच्या स्मरणिकेत मी कौतुकाने लिहिले होते, की डॉ. नसीम आपांनी माझ्या आईची ज्वारीची भाकरी बंद करून तिची साखर ताब्यात आणली. आपांनी भाकरी बंद केली नव्हती. ती मी केली होती.

मला अक्षरे वडिलांनी घरीच शिकवली. चुकले तर ते खोडू देत नसत. शेजारी बरोबर काय ते लिहायला लावत. तेच आज करते आहे.

आपांची पहिली भेट बजाजनगरच्या त्यांच्या दवाखान्यात झाली. रुग्णांच्या खाण्याच्या नोंदी लिहायला मी तिथे लागले होते. पहिल्याच सकाळी कारखान्यातल्या एका गृहस्थांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. आपा म्हणाल्या, "कागद राहू द्या. आधी डबा उघडा." डब्यात चार पोळ्या आणि लोणचे.

"वरण कुठंय, भाऊ?"

"गाडीवर सांडतंय, आपा."

"मग मटकीची उसळ आणा. ती काय उडी मारून पळतीय व्हय?"

पुढच्या खेपेस त्या गृहस्थांनी न सांगता डबा उघडला. पंख्याची घरघर आणि फोडणीचा वास यांनी भरलेली ती लहानशी खोली मला अजून आठवते.

आईला मधुमेह निघाला तेव्हा आपांनी तीनच्या दोन भाकरी करायला, डाळ-उसळ वाढवायला आणि गोळी न चुकवायला सांगितले होते. घाबरून मी भाकरीच काढून टाकली; आईला तो आपांचाच हुकूम वाटला. काकडी आणि पातळ सूप देऊ लागले. आई रोडावली. पायाची जखम भरेना. एका सकाळी ती घामाघूम होऊन ओट्याशी खाली बसली. मी फोन केला. साखर एकदम उतरली असेल, म्हणून साखरपाणी पाजायला सांगून आपा स्वतः धावत आल्या. आई सावध झाल्यावर मला दाराबाहेर नेऊन म्हणाल्या, "जखम भरायला, आजाराशी लढायला शरीराला माल लागतो, बेटा. जवानाला उपाशी ठेवून पहाऱ्यावर उभं करतीस व्हय?"

आत आई पुटपुटत होती, "ह्या बाईनंच माझी भाकर तोडली."

ती मी तोडली, हे मी आईला सांगितले नाही. आपांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि आत जाऊन म्हणाल्या, "माझंच नीट सांगायचं राहिलं, वहिनी. आजपासून दोन खा."

जखम हळूहळू भरली. पण आई पुन्हा आपांच्या दवाखान्याची पायरी चढली नाही. हल्ली पायाला मुंग्या येतात म्हणते, तरी तपासणीचे नाव काढले की, "नाय यायचं मला तिथं."

स्मरणिका वाचून आपा एवढेच म्हणाल्या होत्या, "भाकरीची दुश्मन केलंस की गं मला! अक्षर मात्र छान आहे."

आपांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि त्यांच्यासमोर अजून पुष्कळ वर्षे डबे उघडले जावोत.

त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे प्रकाशन येत्या रविवारी आहे. आईला हे छापील पानावरून कळायला नको. तिला मी माझ्या तोंडाने सांगणार आहे, आणि ती तयार झाली तर तिच्या हातच्या दोन भाकरी बांधून तिला आपांकडे तपासायला नेणार आहे. शनिवारी सकाळी, दवाखाना उघडताच.