दवाखान्यातली सभा
डेटॉलचा वास आला की मला दुबईच्या करामा भागातला तो दवाखाना आठवतो. नव्वदच्या दशकात मी तिथे नर्स होते आणि आमचे कोकणातले डॉक्टर गावी परतून आमदारकीला उभे राहणार होते. एका शुक्रवारी दुपारी त्यांनी साइटवर राबणाऱ्या गाववाल्यांना दवाखान्यात बोलावलं, कारण मतं गावाकडची असली तरी घरात शब्द चालतो तो दुबईवाल्याचा. विनापरवाना राजकीय सभा म्हणजे तुरुंग, नाहीतर कायमची घरवापसी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर रंगात आले आणि काचेच्या दाराबाहेर पोलीस दिसला. "खलास," कोणीतरी पुटपुटलं. मी हाताला लागले तेवढे थर्मामीटर वाटले आणि बाकीच्यांना खोकत बसायला सांगितलं. एक म्हातारा गवंडी म्हणाला, "बाय, आमी येवढे जण एकदम आजारी कसे पडलो?" "व्हिसा गेला की खरंच पडाल," मी म्हटलं. वळून बघते तर डॉक्टर स्वतःच तपासणीच्या टेबलावर आडवे झाले होते. मी त्यांचं मनगट धरलं. पोलीस आत आला, सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाला, "बाहर सफेद गाडी किसका? हटाओ, यल्ला, जल्दी," आणि निघून गेला. गाडी डॉक्टरांचीच होती, पण ते उठले नाहीत. किल्ली माझ्याकडे दिली. पुढे ते निवडून आले. त्यांच्या धाडसाबद्दल लोक मला विचारतात, तेव्हा मी विषय बदलते. त्या दुपारी त्यांची नाडी धावत होती की माझीच बोटं कापत होती, हे मला आजही सांगता येत नाही.