फाटक्या हातमोज्यातला अंगठा

“ए बाई, तू बाहेर हो. पोटुशीची सावली वेणाऱ्या गाईवर पडू देत न्हाईत.”

गोठ्याच्या मालकांनी हे चार गड्यांसमोर सांगितलं. मी चार महिन्यांची गरोदर होते. आणि त्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची डॉक्टरही मीच होते. लोहारा तालुक्यातलं गाव. पत्र्याचा लांब गोठा, वीस-बावीस संकरित गाई. पुढच्या दावणीला एक पहिलारू कालवड व्यायला आली होती. मला फोन करून बोलावलं होतं ते तिच्यासाठीच.

मी उकिरड्याजवळ उन्हात उभी राहिले. आतून वासरू पडल्याचा ओला, जड आवाज आला. मग हसणं-खिदळणं. गुळाचा वास. मी उभीच.

थोड्या वेळाने मालक बाहेर आले. त्यांनी गोठ्याच्या मागच्या टोकाकडे बोट केलं.

“तिकडं एकीनं गाभ टाकलाय. जार अडकलीय, तीन दिस झाले. ती काढ. तिथं तुझी सावली चालती.”

त्या गाईच्या मागे जारेची, म्हणजे न पडलेल्या वारेची, करड्या-तांबड्या पडद्यासारखी लक्तरं लोंबत होती. वास डोळ्यांत शिरत होता: गोड, गंजलेला, शिळ्या रक्ताचा. गोणपाटावर मेलेलं वासरू होतं. केस न फुटलेलं, डोळे न उघडलेलं. मी विचारलं, “या महिन्यात अशा किती?”

“ही तिसरी.”

तिसरी म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. गाईंना गाभ टाकायला लावणारा ब्रुसेला नावाचा रोग आहे. जारेतून, रक्तातून, कच्च्या दुधातून तो माणसात येतो. गरोदर बाईच्या पोटापर्यंत पोहोचतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पेटीत खांद्यापर्यंतचा एकच हातमोजा होता, अंगठ्याला फाटलेला. नव्या मोज्यांसाठी तालुक्याच्या साहेबांना मी दोनदा लेखी कळवलं होतं.

“आज हे करता येणार नाही,” मी म्हणाले. “मोजा फाटलेला आहे. मी गरोदर आहे.”

मालक हसले. “तुझ्या आज्यानं आमच्या वाड्यावरची मेलेली ढोरं वढली. आन् तुला जारीची किळस?”

गडी हसले. माझ्या कानांत ते हसू अजून आहे. माझ्या आजोबांचे हात मला आठवतात. चामड्याच्या वासाचे, भेगाळलेले, माझी वही उचलण्याआधी धोतराला पुसले जाणारे. त्या हातांची लाज मला नव्हती. पण त्या क्षणी मला सिद्ध करायचं होतं. मी डॉक्टर आहे, मी भीत नाही, मी पुरुषाइतकीच करते. ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

मी हात घातला.

तासभर लागला. आतला कोमट, चिकट स्राव अंगठ्याच्या फटीतून मोज्यात उतरला, नखांत साचला. मी दात आवळून जारेची एकेक गाठ सोडवत राहिले. मालकांनी बाहेरूनच विचारलं, “झालं का?” पाणी द्यायलाही कुणी पुढे आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताप सुरू झाला. रोज संध्याकाळी यायचा. सकाळी अंथरूण घामाने भिजलेलं असायचं, त्याला ओल्या कडब्यासारखा वास यायचा. सांधे कुणी कुऱ्हाडीने फोडल्यासारखे. एके दुपारी माझ्याच दवाखान्याच्या फरशीवर माझ्या मांड्यांवरून रक्त उतरलं. मुलगी होती. माझ्या ओंजळीत मावली असती. रुग्णालयात मला ती ओंजळीत घेऊ दिली नाही.

धाराशिवच्या डॉक्टरबाईंनी रक्ताचा अहवाल वाचला. चष्मा काढला. एकच प्रश्न विचारला: “जनावरांत काम करता का?”

साहेबांना मी तो अहवाल पाठवला. त्यांचा फोन आला.

“अहो मॅडम, पोटातलं पोर कशानंही जातं. खात्यावर कशाला ढकलता? पुढच्या खेपेला आधी ठरवा, नोकरी करायची का बाळंतपण.”

मी फोन ठेवला. उपचार पूर्ण केले. पुन्हा गोठे, पुन्हा गाई.

वर्षाने मला पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना लागला होता. त्याच गोठ्यातून फोन आला. गेले. गाईचा काय दोष?

तीच मागची दावण, तोच वास. नव्या गोणपाटावर नवं मेलेलं वासरू.

“मी आत हात घालणार नाही,” मी मालकांना सांगितलं. “इंजेक्शनं देते. गरज पडली तर तालुक्याहून दुसरे डॉक्टर येतील. सगळ्या गाईंचं रक्त तपासायचं आहे. तोवर एकही गाय विकायची नाही, एक थेंब कच्चं दूध कुणाच्या पोटात जायचं नाही.”

“तू न्हाय तर न्हाय,” मालक म्हणाले. “शमीम! ए शमीम!”

शेण काढणारी शमीम ओढणीला हात पुसत आली. पोट पुढे आलेलं. सातवा महिना असावा.

“घाल हात. डाक्टरीण लाजती.”

शमीमने काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. मोजा नाही, साबण नाही. एक क्षणही थांबली नाही. हे तिच्या सवयीचं होतं.

“शमीम, आधी किती मुलं?” मी विचारलं.

“दोन गेली, बाई. पोटातच.” ती गाईकडे पाहतच बोलली. “मालक म्हनले, नजर लागली आसंल.”

तेव्हा मला लख्ख दिसलं. माझा नकार अर्धा होता. मी माझा हात मागे घेतला, की तिथे हिचा हात जाणार. मी शिकलेली, म्हणून वाचणार. ही सांगितल्या कामाची, म्हणून मरणार.

मी तिचं मनगट धरलं. मालक मध्ये घुसले. त्यांनी माझा दंड पिरगाळला आणि मला गाईच्या मागे लोटलं. लोखंडी पाइपवर माझा खांदा आपटला. ओठ फुटला, तोंडात खारट रक्त आलं. दुसरा हात मी पोटावर घट्ट धरला होता. ते पुन्हा चालून आले.

पाचशे किलोचं जनावर आडवं कसं पाडायचं, हे मला शिकवलेलं आहे. ताकदीने नाही, तोल काढून. मी त्यांचा तोल काढला. शेणमुताच्या नालीत ते उताणे पडले. त्यांचं डोकं काँक्रीटच्या काठावर आदळलं. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

“चल,” मी शमीमला म्हणाले.

“माझी रोजी, बाई?”

“रोजी मिळेल दुसरी. चल.”

मालक नालीतच डोकं धरून बसले होते. गाईला इंजेक्शनं दिली, मगच निघालो. स्कूटीवर तिला मागे बसवून मी थेट धाराशिवला नेलं. तिच्या रक्तातही तोच रोग निघाला. तिच्यावर उपचार चालू आहेत. मूल राहील की नाही, डॉक्टरबाई सांगत नाहीत. शमीमही विचारत नाही.

मालकांनी माझ्यावर मारहाणीची तक्रार दिली आहे. मीही दिली आहे. साहेबांनी चौकशी लावली आहे. माफीनामा लिहिला तर प्रकरण मिटेल, असा निरोप पाठवला आहे.

माफीनामा मी लिहिणार नाही. चौकशीत विचारतील, पाडलं का? मी सांगेन, हो, पाडलं. शुद्धीत, ठरवून पाडलं. आणि तालुक्यातल्या कुठल्याही गोठ्यात गरोदर बाईचा उघडा हात कुणी मेलेल्या गर्भाकडे ढकलला, तर ढकलणाऱ्याला मी पुन्हा पाडीन.