प्रार्थनेचा विषय

माझी आत्या शिलाईकाम करायची. चर्चमधल्या गायकांचे झगे तिनेच शिवलेले आणि शुक्रवारच्या प्रार्थनासभेची प्रमुखही तीच. घरोघरी भरणाऱ्या त्या सभेत बायका आधी आपापले प्रार्थनेचे विषय सांगायच्या. कुणाचा गुडघा, कुणाचा जावई. आत्याबाईंनी एकदा विषय काढला तो माझ्या आईचा!

"माझ्या वहिनीसाठी प्रार्थना करा गं. माझी आई तिच्याकडे उपाशी झोपते. प्रभू तिला सुबुद्धी देवो."

डोळे मिटून, आवाजात कापरं आणून. अगं, चहाडी करायची तर सरळ कर की! हिने तिला आमेन जोडलं. खरं तर आजी शेवटी शेवटी तोंडच मिटून घ्यायची आणि आई वाटी घेऊन तासन्‌तास तिच्यापुढे बसायची. आत्या रविवारी उपासनेनंतर यायची, उशाशी फळं ठेवून जायची. आजी गेली, पण बायका आईकडे 'हीच ती' अशा नजरेनं बघत राहिल्या. आई कुणाला काही बोलली नाही. फक्त आत्याशी बोलणं टाकलं.

मग आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, अंथरुणाला खिळले. चमचा ओठाशी नेला की मान फिरवायचे. आत्यानं विनवलं, रागावली, रडली. काही उपयोग नाही. आणि एका सभेत एक बाई डोळे मिटून म्हणाली, "यांच्या यजमानांसाठी मागू या. फार वाळलेत हो. घरात त्यांच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं जावं."

सगळ्या आमेन म्हणाल्या. 

दुसऱ्या दिवशी आत्या आमच्या दारात हजर. "वहिनी, चुकले मी. माफ कर."

आई भांडी घासत होती. "माफ केलं, वन्सं," ती हात न थांबवता म्हणाली. "पण माझ्या मोरीपाशी सांगून काय होणार? बोललात तिकडे आणि निस्तरताय इकडे?"

मला तर मनातून आनंदच झाला. बरी जिरली म्हटलं! आता ही कसली पुन्हा फिरकते!

पण आत्यानं तिथून थेट पाळकांच्या पत्नीला, पाळकीणबाईंना गाठलं. त्या घाबरल्याच. "अहो, प्रभूनं क्षमा केली ना? मग वाच्यता कशाला? चर्चच्या मंडळीची किती नाचक्की! आणि तुम्हाला प्रमुख तरी कसं ठेवायचं?"

"नका ठेवू," आत्या म्हणाली. "चुकीची शिवण उसवावीच लागते, बाई. वरून काठ लावून मी गिऱ्हाइकाला फसवत नाही, देवाला कशी फसवू?"

पुढच्या शुक्रवारी ती उभी राहिली, डोळे सताड उघडे ठेवून. "आज माझ्यासाठी प्रार्थना करा. आई उपाशी नव्हती. मी खोटं बोलले, तेही प्रार्थनेत. वहिनीनं तिचं सगळं केलं. मी नुसती फळं नेली."

कुणीही आमेन म्हणालं नाही.

सभेला न आलेल्यांकडे ती हेच सांगायला घरी गेली. एकीनं दार लावून घेतलं. एकीनं पाणी देऊन आणखी काही कळतंय का ते उकरून पाहिलं. प्रमुखपद गेलं, झग्यांचं काम दुसरीकडे गेलं. आत्या "जाऊ दे" म्हणायची आणि गुडघे दाबत पुढचा जिना चढायची. नंतर हे कळलं, तेव्हा कुठे तिला नावं ठेवणारी माझी जीभ गप्प झाली.

एके दिवशी त्यातलीच एक बाई आईचे हात धरून रडली आणि तिनं सगळं सांगितलं. ती गेल्यावर आईनं डोळे पुसले, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल."

आत्या पलंगापाशी वाटी घेऊन हताश उभी होती. आईनं तिच्या हातातून वाटी घेतली, आतोबांच्या शेजारी बसली, त्यांच्या गालावरून बोट फिरवलं आणि ओठांच्या कोपऱ्यातून चमचा हळूच आत सारला. आतोबांनी घोट गिळला.

"घाई करायची नाही, वन्सं. कोपऱ्यातून द्यायचं. सासूबाई अशाच घ्यायच्या."

आत्या पदरात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली.

आईनं चमचा तिच्यापुढे धरला. "रडा नंतर. हं, घ्या. आता तुम्ही द्या."