शाईची तिरकी रेघ

माझा तेव्हा कुणावरच विश्वास नव्हता. प्रबंधाची मुदत उन्हाळ्याअखेर संपत होती आणि माझ्या हाती एक नवा शोध लागला होता. निदान मला तसं वाटत होतं.

बशीसारखी अँटेना आणि तिच्यासमोर लहरी सोडणारे सात छोटे कर्णे, म्हणजे हॉर्न. प्रत्येक हॉर्नची लहर थोडी मागेपुढे केली की बशी जागची न हलवता झोत हवा तिकडे वळतो. तो झोत कुठे किती जातो याचं गणित मी नागपूरच्या आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर करत होतो. छापून आलेल्या आलेखात मुख्य झोताशेजारी एक भलताच उंचवटा यायचा. कुठल्याच पुस्तकात तो नव्हता. मी हरखून विभागप्रमुखांना सांगितलं आणि त्या दिवसापासून कागद कुलपात ठेवायला लागलो.

कॉम्प्युटरला सगळं छिद्रं पाडलेल्या कार्डांवर द्यावं लागे. गठ्ठा विस्कटला तर कळावं म्हणून सगळे त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढत. मी शाईनं ओढली. कुणी हात लावलाच तर चोर सापडायला हवा ना!

एका दुपारी उंचवटा गायब. गठ्ठा पाहिला तर रेघ एका जागी तुटलेली आणि तिथं एक नवंकोरं कार्ड.

कार्डं पंच करायला नंदनवन वस्तीतून एक बाई यायच्या, रोजंदारीवर. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं त्यांना फितवलं, अशी माझी खात्रीच झाली.

"माझ्या कार्डाले हात काहून लावला?"

"सर, डावीकडचे तिन्ही आकडे उणे पाहिजेत ना? एकाले चिन्हच नव्हतं. रांगोळीचा ठिपका सुटल्यासारखं दिसून राहिलं होतं. मले वाटलं माझ्याच हातून सुटलं, म्हणून नवं टाकलं."

त्यांच्या साळसूदपणाचा मला भयंकर राग आला. मी लेखी तक्रार केली. सोमवारपासून बाई आल्या नाहीत.

मग पुरावा जोडावा म्हणून मी त्यांना लिहून दिलेला कागद शोधला. माझंच अक्षर, सात हॉर्नचे सात आकडे, तिसऱ्याआधी उण्याची खूण नाही. त्यांनी मी लिहिलं तेच पंच केलं होतं. जुनं कार्ड घालून पाहिलं, उंचवटा आला. त्यांचं घातलं, गेला. माझा शोध एवढाच होता.

तक्रार मागे घ्यायला मी प्रमुखांच्या खोलीत गेलो. त्यांनी नवा आलेख हातात घेतला.

"काहून गा, तो तुझा उंचवटा कुठं गेला?"

"पंचिंगची चूक होती सर," मी म्हणालो. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते.

"मग बरं झालं त्या बाईले काढलं."

मी "हो सर" म्हणालो आणि आलेखावर त्यांची सही घेतली.